मोरीतली शांत वेळ

आई, येत्या रविवारी मला चर्चच्या महिला मंडळात बोलायचंय. विषय दिलाय 'शांत वेळ', पण खरा विषय तूच आहेस. पाळकसाहेबांच्या बाई फोनवर म्हणाल्या, "तुम्ही नाही बोलायचं तर कोणी बोलायचं? तुमच्या आई तर प्रार्थनेला बसल्या बसल्या प्रभूकडे गेल्या ना." मी "हो" म्हणाले. तू गेल्याला चौदा वर्षं झाली आणि या वाक्याला मी दर वेळी हो म्हणत आलेय. फोन ठेवला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तुला सांगते, हल्ली मी घरात पाऊल टाकलं की चपला काढायच्या आधी टीव्ही लावते. आंघोळीला जाताना फोनवर काहीतरी बडबड चालू ठेवते. लॅबच्या कॉल सेंटरमध्ये दिवसभर लोकांना रक्ताचे रिपोर्ट समजावून सांगायचे आणि घरी येऊन पुन्हा आवाजच लावायचा. मी पन्नाशीला आलेय आणि तू गेल्यापासून एकदाही दहा मिनिटं गप्प बसलेली नाही. आणि शांत वेळेवर संदेश द्यायला मंडळीला मीच सापडले.

मंडळाचा आता ग्रुप आहे फोनवर. रोज पहाटे सहाला त्यावर 'शांत वेळ' म्हणून एक वचन येतं, फुलांच्या चित्रावर लिहिलेलं. मग प्रत्येक जण हात जोडलेलं चित्र टाकतो, कोणी आमेन, कोणी सुप्रभात, कोणी चुकून नातवाचा फोटो. त्या शांत वेळेत माझा फोन जेवढा वाजतो तेवढा दिवसभरात वाजत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मग देव बोलणार कधी, यांचं झाल्यावर?"

रविवारी नव्या मुली असतील, त्यांना आधी मोरी सांगावी लागेल. मरोळच्या चाळीतली आपली दहा बाय बाराची खोली. तिच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढा कट्टा, आत नळ आणि पिंप. आंघोळ, भांडी, कपडे, सगळं तिथंच, आणि आडोसा म्हणून तुझ्या जुन्या साडीचा पडदा. अख्ख्या घरात माणसाला दिसेनासं होता येईल अशी तेवढी एकच जागा. नळाला पाणी साडेपाचला यायचं. तू त्याच्या तासभर आधी उठायचीस, ओल्या फरशीवर पाट टाकून बसायचीस, आणि पडद्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायचीस. चिमटा लागला की तुला हाक मारायची नाही, हा घरातला सगळ्यात मोठा नियम. मला लघवीला नेमकी तेव्हाच लागायची. मी अंथरुणात पाय आवळून पडून राहायचे. बाबा होते तोवर तेही पडल्या पडल्या मुद्दाम खोकायचे. तू ऐकू येत नसल्यासारखं करायचीस, आणि तुझा उजवा कान खरंच गेलेला असल्यामुळे तुला काही म्हणताही यायचं नाही. वरून विमान गेलं की पत्रे थरथरायचे. नळ फुसफुसला की तुझं आमेन, आणि पडदा सरकायच्या आत मी मोरीत.

कान कारखान्याने नेला. इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. शाळेत नेऊन सोडायला कोणी नव्हतं, म्हणून एकदा मला तू तिथं घेऊन गेली होतीस. प्रेसचा आवाज असा की छातीत बसायचा. तू मशीनसमोर उभी, पत्रा सरकव, हात काढ, धाड. पत्रा सरकव, हात काढ, धाड. बायका एकमेकींशी हातवारे करून बोलत होत्या. सुपरवायझर तुझ्या उजव्या बाजूला उभा राहून ओरडायचा, म्हणून आधी तोच कान गेला, असं तू हसत सांगायचीस. त्या दिवशी परत येताना मी विचारलं, "तू रोज सकाळी एवढं काय मागतेस गं देवाकडे?" तू म्हणालीस, "काही नाही मागत. दिवसभर मशीन बोलतं, सुपरवायझर बोलतो, तुम्ही बोलता. देवालाही सगळे नुसते सांगतच असतात. कोणी न बोलता जवळ बसलं तर त्यालाही बरं वाटत असेल." मला तेव्हा ते काही कळलं नाही. देवाजवळ बसून काही मागायचंच नाही, मग उठायचं कशाला एवढ्या लवकर, असं मला वाटलं.

एकदाच मी नियम मोडला. मी पाचवीत असेन. झोपेत दात पडला, तोंडात रक्त आलं, मी घाबरले आणि जाऊन पडदा ओढला. चिमटा उडाला आणि पिंपात पडला. तू पाटावर बसली होतीस. हात मांडीवर. डोळे मिटलेले नव्हते, ओठ हलत नव्हते, तू समोरच्या शेवाळलेल्या भिंतीकडे बघत होतीस. आणि तुझा चेहरा, आई, तो चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. थकलेला नव्हता. कुणाची वाट बघत नव्हता. कोणीतरी तुझे लाड करतंय असा होता. तू वळून मला बघितलंस आणि तो चेहरा गेला. "घराला आग लागली तरच हा पडदा सरकवायचा," तू म्हणालीस, "कळलं?" मग लगेच चूळ भरायला पाणी दिलंस, दात हातात घेऊन बघितलास, "मोठी झालीस की गं," म्हणालीस. ते सगळं केलंस. पण मला बघून गेलेला तो चेहरा माझ्या मनातून कधी गेला नाही. लोकांना वाटतं मुलांना देवाचा कंटाळा येतो. मला कंटाळा नव्हता. मला त्याचा हेवा वाटायचा.

तुलाही ते कुठंतरी लागलं असावं. कारण दहावीच्या वर्षी, बाबा गेल्यानंतरच्या त्या वर्षी, तू मला उठवलंस आणि म्हणालीस, "आजपासून अर्धी वेळ तुझी." मला वाटलं अभ्यासाबद्दल बोलतेयस. तू माझ्या हातात चिमटा दिलास. वाढदिवसालासुद्धा तू कधी एवढ्या मानाने काही दिलं नव्हतंस. मी आत बसले, चिमटा लावला, आणि पहिल्याच दिवशी पिंपाला डोकं टेकून झोपले. दुसऱ्या दिवशीही. सबंध आठवडा. तू बाहेर माझ्या अंथरुणावर बसून तुझ्या पाळीची वाट बघायचीस आणि एकदाही हाक मारली नाहीस. पुढच्या आठवड्यात मीच कबूल केलं, तेव्हा तू खदखदून हसलीस. "घोरत होतीस की! मला एकच कान आहे, तरी ऐकू आलं. असू दे. त्याच्यासमोर झोपलीस ना, चालतं त्याला." त्या वर्षी मला तीन-चारदा खरोखर गप्प बसता आलं. तेवढंच. पण ते तीन-चार दिवस मला अजून पुरतात, म्हणजे असं काही असतं एवढा विश्वास ठेवायला पुरतात.

मग चाळ पाडली आणि पुनर्वसनाच्या एसआरए बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर घर मिळालं. संडास-बाथरूम घरात आणि दाराला कडी. मी म्हटलं, "आता बाथरूममध्ये बस आरामात, कडी लावून." तू नाक मुरडलंस. तू स्वयंपाकघरात पडदा लावलास आणि तिथं चिमटा आणलास. कारखाना बंद झाला होता, तुला कुठं जायचं नव्हतं, दिवसभर घर रिकामं असायचं. तरी तुझी वेळ पहाटेचीच, फक्त आता नळाची घाई नव्हती म्हणून साडेपाचला बसायचीस. आणि मी छत्तीस वर्षांची घोडी झाले होते तरी माझा नियम तोच.

आता इथून पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या शेवटच्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळचं भांडण तुला आठवत असेल, तिकडे काही आठवत असेल तर. ऑफिसातली मैत्रीण मुलुंडला भाड्याने घर घेत होती आणि मला सोबत ये म्हणत होती. मला जायचं होतं. तुझ्यापासून दूर नाही, पण माझं म्हणून कुठंतरी. जेवताना तुला विचारलं. तू घास खाली ठेवलास आणि म्हणालीस, "सकाळी प्रार्थना करते, मग सांगते." रोजचंच वाक्य. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. "प्रत्येक गोष्ट आधी त्याला! मी इथं समोर बसलेय ना, आई. माझ्याशी बोल ना. एकदा तरी आधी माझ्याशी बोल." तू डावा कान पुढे केलास, म्हणजे मला मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं. आणि दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणताना ते जास्तच वाईट झालं. मी म्हणाले, "त्या पडद्यामागे तुला आम्ही कोणीच नको असतो." तू ताटं उचललीस. तुला ऐकू आलं होतं.

सकाळी मी सहाला उठले. स्वयंपाकघराच्या पडद्याला चिमटा होता. मी दात घासत असताना आत काहीतरी पडलं. झाकण असावं, स्टीलचं. गोल गोल फिरल्याचा आवाज आला आणि मग थांबला. मी ब्रश तोंडात धरून उभी राहिले. मी घरात आहे हे तुला माहीत होतं. मी हाक मारली नाही. मंडळीतल्या बायकांना मी इतकंच सांगितलंय की प्रार्थनेत होती म्हणून मी त्रास दिला नाही. पहिल्यांदा ऐकलं की लोकांचे डोळे भरून येतात. खरं ते नाही. मी आंघोळ केली, साडी नेसले, चपला पायात घालायला नको तितका वेळ लावला, किल्ल्या वाजवल्या. मी वाट बघत होते. मला वाटत होतं, आज तू मार हाक. आज त्याला बसव थांबवून आणि पडदा बाजूला करून म्हण, चहा न घेता कुठं निघालीस? तू हाक मारली नाहीस. मी दार आपटून गेले.

शेजारच्या मालवणच्या मावशींकडे आपली किल्ली असायची. साडेदहाला त्या दूध द्यायला आल्या आणि मग त्यांचा फोन आला, "गो, बेगीन ये तू. तुझ्या आयेक काय तरी झालाहा." म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात तो तरुण डॉक्टर मला विचारत होता, कधीपासून अशा आहेत, सकाळी तुम्ही बघितलं नाही का, एकाच घरात राहता ना? मी म्हणाले, "पडद्याला चिमटा होता." त्या बिचाऱ्याला काय कळणार. मग तो म्हणाला की मेंदूतली रक्तवाहिनी बंद झालीय, उजवी बाजू गेलीय, बोलणं गेलंय. सकाळी सहा-सातलाच झालेलं दिसतंय. लगेच आणलं असतं तर, एवढं बोलून त्याने वाक्य सोडून दिलं. ते वाक्य मी रोज पूर्ण करते.

तू प्रार्थनेत गेली नाहीस, आई. तू चौथ्या दिवशी बायकांच्या वॉर्डात गेलीस, सलाइनचा स्टँड दुसरीच्या खाटेला लागत होता अशा गर्दीत. आणि ती गर्दी कमी होती म्हणून मी आणखी गर्दी बोलावली. मंडळीतल्या सगळ्यांना फोन मीच केले. सकाळी एक गट, संध्याकाळी एक गट. खाटेभोवती उभे राहून टाळ्या वाजवून गीतं म्हणायचे, मोठमोठ्याने प्रार्थना करायचे, आजूबाजूचे पेशंट उठून बघायचे. त्यांचं प्रेमच होतं ते, त्यांना मी बोल लावत नाही. मीच त्यांना जाऊ देत नव्हते. "अजून एक गीत म्हणा ना," म्हणायचे. कारण ते गेले की आपण दोघीच उरणार होतो आणि तू माझ्याकडे बघणार होतीस. गीत सुरू झालं की तू मान डावीकडे वळवायचीस. तुझा चांगला कान उशीत जायचा आणि बहिरा कान वर राहायचा. मी उठून मान सरळ करायचे. तू पुन्हा वळवायचीस. मी पुन्हा सरळ. सिस्टर म्हणाली, "या आजारात मान एकीकडे जाते, राहू द्या." तसंच असेल. मी तसंच धरून चाललेय. पण कधी कधी वाटतं, तू आयुष्यभर रोज एक तास गप्प बसायला मागितलास, एवढीच तुझी मागणी, आणि शेवटच्या चार दिवसांत तो तुला मी मिळू दिला नाही. तुला उशीत शोधावा लागला.

मातीच्या दिवशी, दफनभूमीच्या फाटकात, कोणीतरी विचारलं, "शेवटचं काय बोलल्या गं?" सगळे थांबून माझ्याकडे बघायला लागले. शेवटचं तू काय बोललीस? 'सकाळी प्रार्थना करते, मग सांगते.' हे कसं सांगणार? मी म्हणाले, "बोलली नाही काही. सकाळी मी निघताना जवळ बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि पुन्हा प्रार्थनेला बसली." पाळकसाहेबांनी तिथंच कबरीपाशी ते सांगितलं. पुढच्या रविवारी संदेशात सांगितलं. ते बदलून गेले, नवे आले, त्यांना जुन्या लोकांनी सांगितलं. आता तर तू प्रार्थना करता करताच गेलीस असं झालंय. ज्या मुलींचा तुला चेहराही माहीत नाही त्या आपल्या आयांना सांगतात की देवाघरी जावं तर तसं. तुझं नाव घेऊन लोक पहाटे उठायला लागले, आई. हे मला मोडवत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले.

गेला आठवडाभर रविवारचं लिहायला बसतेय. 'शांत वेळ कशी काढावी' असं वर लिहून ठेवलंय. खाली काहीच उतरत नाही. आज शेवटी टीव्ही बंद केला, फोन कपाटात टाकला आणि स्वयंपाकघरात खाली बसले. लगेच ते झाकण पडल्याचा आवाज कानात सुरू झाला, गोल गोल फिरणारा. दर वेळी तो आला की मी उठून पळते. आज उठले नाही. बराच वेळ चालला तो आवाज आणि मग थांबला. त्यानंतर जे शांत झालं त्यात मी रडले, पण तिथं कोणी मला ओरडलं नाही. तुला तिथं कोण भेटायचं ते मला दिसलं असं मी म्हणणार नाही. फक्त एवढं कळलं की तिथं खोटं घेऊन बसता येत नाही. मग कागद उलटा केला आणि हे तुला लिहायला लागले.

हे पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. तू असतीस तरी तुला छापील अक्षरच लागायचं, हाताचं लिहिलेलं वाचता यायचं नाही. म्हणजे तुझ्या डाव्या कानाशी बसून मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं. तुझ्यासमोर ते जमलं नसतं. सगळ्या मंडळासमोर जमेल का, रविवारीच कळेल. झाकण पडल्याचं, चपला घालत थांबल्याचं, दार आपटल्याचं सांगेन. हाक मारा, पडदा ओढा, आपलं माणूस प्रार्थनेत असलं तरी ओढा, देव रागावत नाही, हेही सांगेन. ते सगळं मला सांगता येईल असं वाटतं.

अडतंय ते एकाच जागी. तू कधी डोक्यावर हात ठेवायची बाई नव्हतीस. पण चौदा वर्षं मी ते इतक्या वेळा सांगितलंय की आता मला तो आठवतो. पत्र्याने कापून खरखरीत झालेली बोटं, भांड्याच्या साबणाचा वास, आणि वजन, जेवढं असायला हवं तेवढंच. मी त्या सकाळी निघालेय, तू पडदा बाजूला करून बाहेर आलीयस, आणि माझं डोकं किंचित खाली झुकलंय. खरं सांगितलं की तो हात काढून घ्यावा लागेल. तो तुझा नाही हे मला माहीत आहे, आई. तरी मला तो सोडवत नाही.